व्याह्यांचा उजवा पाय

मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये पद्मनाभ राव शोधले तर चार-पाच सापडले असते, पण ‘कार पद्मनाभ’ म्हटलं की पोस्टमनसुद्धा न चुकता एकाच दारात उभा राहायचा. त्या घरात कार नव्हती. एक सायकल होती, तीही बायकोच्या भावानं दिलेली. तरी कुठल्या गाडीची पुढची चाकं ओढतात, कुठलीची मागची आणि कुठलीची चारही, हे विचारायला माणसं त्यांच्याकडेच येत.

पद्मनाभ राव सर्व्हे खात्यात कारकून होते. रविवारी सकाळी आर्य गौडा रोडवरच्या कॉफीच्या दुकानापुढे त्यांची सभा भरे. समोर असायचे बँकेतले रंगा राव, उंच गाड्यांचे भक्त. जिप्सी बरी की सिएरा बरी, यावर रंगा रावांची कॉफी गार होऊन जाई. “उंच बसलं कीं पुढचं सगळं दिसतें,” असं ते म्हणत.

“माडावर चढून कॉफी प्यालात तरी पुढचं दिसेल!” पद्मनाभ राव म्हणत. त्यांचा जीव जडला होता तो बुटक्या, लांब पाठीच्या वॅगनवर. कारसारखी बसकी, पण चारही चाकांनी ओढणारी. आपल्याकडची ‘एस्टेट’ नावाची वॅगन त्यांना पसंत होती, फक्त तिची मागचीच चाकं ओढतात याचं त्यांना घरच्या माणसासारखं वाईट वाटे. खरी चारचाकी ओढ असलेली वॅगन त्यांनी लझ कॉर्नरच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या विलायती मासिकांतच पाहिली होती.

आता मुख्य गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवण्यात पद्मनाभ रावांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले होते. पनगल पार्कपाशी भर रहदारीत गाडी बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि त्यांचे हातपाय असे गारठले की मास्तरांना त्यांना खाली उतरवून स्वतः गाडी हलवावी लागली. बसस्टॉपवरची माणसं हसली. पुन्हा ते त्या वाटेला गेले नाहीत. पुढे सर्व्हेच्या कामावर खात्याची जीप असायची, तीत ते वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या शेजारी बसले. “कोडैकनालचा घाट आम्ही जीपनं चढवला,” असं ते सभेत सांगत. कधीतरी ‘आम्ही’चा ‘मी’ झाला. कुणी हटकलं नाही, तसा घाट अधिकच अवघड होत गेला. राजसबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, खरं ठाऊक होतं. नवऱ्याची फुशारकी त्या लोणच्यासारखी चालवून घेत. थोडी असली तर जेवण गोड लागतं. मुलगी भवानी मात्र बापाचा घाट ऐकतच मोठी झाली होती.

त्र्याण्णव साली भवानीसाठी स्थळ आलं. मुलगा दत्ताजी बंगळूरला नोकरीला. त्याचे वडील शहाजी राव बरीच वर्षं सिंगापूरला राहून परतलेले. गुम्मिडिपूंडीला त्यांचा लहानसा कारखाना. ते मुलगी पाहायला आले, आणि पद्मनाभ राव गॅलरीतून खाली पाहतच राहिले. खाली एक जपानी वॅगन उभी होती. बसकी, लांब पाठीची, चारही चाकांनी ओढणारी. शहाजी रावांनी ती सिंगापूरहून बोटीनं आणली होती.

मुलगी पाहायचं काम बायकांवर सोडून दोन बाप खाली जाऊन गाडीभोवती फिरत बसले. शहाजी राव म्हणाले, “मद्रासेंत या गाडीची किंमत कळणारा एकच माणूस भेटला, आणि तो माझा व्याही होणार. देवाचीच कृपा!” मग सहज विचारलं, “तुम्ही चालवतां ना?”

“कोडैकनालचा घाट मींच चढवला होता,” पद्मनाभ राव म्हणाले.

वर भवानीनं ते ऐकलं आणि तिची मान ताठ झाली. त्या एका वाक्याची किंमत पुढे काय पडणार, हे त्या वेळी कुणाला ठाऊक असणार!

लग्न ठरलं, निश्चितार्थाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मुहूर्त निघाला. त्याआधी एका रविवारी शहाजी रावांनी सगळ्यांना पुलिकतला नेलं, सरोवराकाठच्या वाळूत गाडी कशी चालते ते दाखवायला. ते, त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरी, आणि पद्मनाभ रावांच्या घरचे तिघं. दत्ताजी बंगळूरला होता. शहाजी रावांनी चारही चाकांना ओढ देणारा लिव्हर ओढून गाडी वाळूत घातली आणि ती बदकासारखी डुलत पार गेली. “आतां तुम्ही, व्याही,” असं म्हणून त्यांनी किल्ली पुढे केली. पद्मनाभ राव म्हणाले, “गुडघा दुखतो आहे.” किल्ली परत खिशात गेली आणि त्यांना घाम फुटला तो फक्त राजसबाईंनी पाहिला.

डबे उघडले, पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, खाऊन झाली. शहाजी राव पाय धुवायला पाण्यात उतरले आणि ओरडले. वाळूत कुठल्यातरी जुन्या होडीचा गंजका पत्रा रुतलेला होता. उजव्या पायाचा तळवा बोटांच्या मुळापाशी फाटला होता. त्रिपुरसुंदरींनी पदर फाडून बांधला, तो पाहता पाहता लाल झाला. त्यात शहाजी रावांना साखरेचा आजार. दवाखाना पोन्नेरीला.

त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. उजवा पाय टेकवत नव्हता, तिथे ते गाडी काय चालवणार? “व्याही, तुम्हीच आहांत,” ते म्हणाले. आता गुडघ्याचं कारण कोण ऐकणार? पद्मनाभ राव चालकाच्या जागेवर बसले.

वाळूत गाडी कशी काढावी यावर ते तासभर बोलू शकले असते. दुसरा गिअर, क्लच हळू सोडायचा, चाकं गरगर फिरवायची नाहीत. सगळं पाठ होतं. किल्ली फिरवली, क्लच सोडला, गाडीनं उडी मारली आणि ती बंद पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागून शहाजी राव कण्हले. “अप्पा, लौकर!” भवानी म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती, घाई होती. पनगल पार्कपाशी गारठले होते तसेच हातपाय गारठले.

तेव्हा ‘मला येत नाहीं’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. कुणीतरी गावात पळालं असतं, एखादा ड्रायव्हर शोधला असता. पण त्यांच्या तोंडून निघालं ते रविवारच्या सभेतल्या ठाम आवाजात निघालं: “फोर व्हीलचा लिव्हर अडकला आहे. अशीच चालवली तर गिअरबॉक्स जाईल.”

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारा कार पद्मनाभ होता. “मग नका चालवूं,” खुद्द शहाजी राव म्हणाले.

त्या काठावर दुसरं वाहन नव्हतं, मासळी घेऊन जाणारी एक बैलगाडी मिळाली. टोपल्यांच्या मधे शहाजी रावांना निजवलं. वाट खाचखळग्यांची, टोपल्यांतलं पाणी गळत होतं, ते पायाला बांधलेल्या पदरात मुरत होतं. पद्मनाभ राव बैलगाडीमागून चालत गेले आणि ते पाणी पाहत राहिले.

पोन्नेरीला टाके पडले. तिथून शहाजी रावांनी फोन करून कारखान्यातला फिटर गुंडो याला पुलिकतला पाठवलं. बाकीचे संध्याकाळची कॉफी पीत होते तेव्हा तो वॅगन दवाखान्याच्या दारात घेऊन आला. आत येऊन म्हणाला, “साहेब, गाडीला कांहींच—”

“लिव्हर सोडवलास ना?” शहाजी रावांनी त्याचं वाक्य तोडलं. “शाबास.”

गुंडोनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पद्मनाभ रावांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. परतीच्या वाटेवर गुंडो गाडी चालवत होता. शहाजी राव आंब्यांबद्दल बोलले, बंगळूरच्या हवेबद्दल बोलले, लग्नाच्या हॉलच्या भाड्याबद्दल बोलले. गाडीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. शहाजी राव सगळं समजून गप्प आहेत, हे पद्मनाभ रावांना तेव्हाच कळलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवत राजसबाई म्हणाल्या, “गाडी बिघडली नव्हती.”

पद्मनाभ रावांनी कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात ओतली.

“मी कोण्हाला सांगणार नाहीं. आजवर हंसून सोडून दिलें, तें माझेंहि चुकलेंच.” आणि त्या आत गेल्या.

जखम चिघळली. शहाजी राव अंथरुणाला खिळले आणि शेवटी करंगळीशेजारचं बोट काढावं लागलं. साखर असली की असं होतं, डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर वाचलं असतं का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पद्मनाभ रावांना विचारायची छाती झाली नाही. निश्चितार्थ पुढे ढकलला गेला, आणि झाला तेव्हा शहाजी राव काठी टेकत आले. रंगा रावांना आणि सगळ्या सभेला त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “व्याही होते म्हणून माझी गाडी वांचली!” रंगा रावांनी पद्मनाभ रावांच्या पाठीवर थाप मारली. पानातली जिलबी पद्मनाभ रावांनी बाजूला सारली. त्यानंतर ते कॉफीच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. लोक म्हणाले, मुलीच्या लग्नाची धावपळ आहे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हॉलवर सीमांतपूजन झालं. मुलीच्या बापानं जावयाचे पाय धुवायचे, व्याह्यांचे धुवायचे, ही रीत. दत्ताजीचं झालं. मग शहाजी राव पाटावर बसले. त्यांनी डावा पाय ताटात ठेवला आणि उजवा धोतरात ओढून घेतला.

“दोन्ही पाय, दोन्ही,” भटजी म्हणाले.

“एक पुरे हो,” शहाजी राव म्हणाले. “पाणी वांचवा. मद्रासेंत पाणी कोठे आहे?”

माणसं हसली. पद्मनाभ रावांनी हात पुढे करून तो उजवा पाय स्वतः बाहेर घेतला. मोजा काढला. तो पाय त्यांनी तोवर पाहिला नव्हता. बोट होतं तिथे आता नुसती गुळगुळीत, तांबूस कातडी होती, आणि शेजारचं बोट त्या रिकाम्या जागेकडे कललं होतं. त्यांनी त्यावर पाणी घातलं.

“शहाजी राव,” ते म्हणाले, “मला गाडी चालवतां येत नाहीं. कधींच येत नव्हती.”

नादस्वर नेमकं थांबलं होतं. शब्द अख्ख्या हॉलभर ऐकू गेले. मग रंगा राव खो खो हसले. “आणि मला कापी पितां येत नाहीं!” हॉल हसून लोटपोट झाला. कोडैकनालचा घाट चढवणारे पद्मनाभ राव व्याह्यांचे पाय धरून म्हणतात, गाडी येत नाही! खोलीच्या दारात उभी असलेली भवानी सगळ्यांत मोठ्यानं हसली. बापाचा असा विनोद तिनं कधी ऐकला नव्हता. हसता हसता तिनं डोळे पुसले.

पद्मनाभ रावांनी पुन्हा तोंड उघडलं. शहाजी रावांनी वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते स्वतःही मोठ्यानं हसत होते, आणि त्या हसण्याच्या आड हळू आवाजात म्हणाले, “एकदां सांगितलेंत, पुरे. तुमचें ओझें उतरेल, पण उद्यां भवानी तें घेऊन माझ्या घरीं येईल. हंसते आहे, हंसूं द्या.”

एकट्या राजसबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी पंचा पुढे केला. पद्मनाभ रावांनी तो घेतला, आणि मान वर न करता बोटांच्या बेचक्यांपर्यंत व्याह्यांचा पाय पुसत राहिले.