आवळलेले नळ

आईच्या हातांची तपासणी मिरजेला झाली. माझं सासर सांगलीत, त्यामुळे ती आमच्याकडेच राहिली आणि औषधं सुरू झाल्यावर मी तिला साताऱ्याला सोडायला गेले. चार दिवस तिथंच राहायचं ठरवलं.

आई-वडील दोघंच राहतात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी हे घर बांधलं. त्यांचं मूळ गाव औंधच्या पुढे, माळावरचं. लहानपणी त्यांनी आपल्या आईला विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं पाणी भरताना पाहिलं होतं. त्यामुळे नळातून एक थेंब पडला तरी त्यांचा जीव कासावीस होतो. घरातला प्रत्येक नळ ते स्वतः, दात-ओठ खाऊन बंद करतात.

पहिल्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की स्वयंपाकघरात पातेली, कळशी, अगदी लोटेसुद्धा पाण्यानं भरलेले आहेत. नळाला तर दिवसभर पाणी असतं.

"तिला सवयच हाय," आबा म्हणाले. "टाकी रिकामी हुईल म्हणून भ्या वाटतं."

आईनं कणीक मळायला घेतली.

ते फिरायला गेल्यावर मी केस विंचरत होते. आत काहीतरी खणखणलं म्हणून गेले, तर आई कणकेच्या हातांनी नळाच्या मुठीशी झटत होती. मुठीला लावलेली सांडशी सटकून खाली पडली होती आणि ती पुन्हा उचलायला तिला वाकवत नव्हतं.

"आई, हे काय?"

"आवळलेला असतोय गं. कापड लावून फिरायचा आधी. आता न्हाई फिरत. ह्यांनी उघडला की भरून ठेवते."

"मग आबांना सांग की, एवढा आवळू नका म्हणून."

"गळतोय म्हणूनच आवळत्यात ना." एवढं बोलून ती माझ्यापुढे हात धरून उभी राहिली, मी नळ उघडायची वाट बघत. ते हात तसे धरलेले मला बघवेनात.

आबा आल्यावर मी विषय काढला. ते चिडले नाहीत, उलट मला समजावू लागले. "पोरी, नळ जेवढा घट्ट, तेवढं पाणी आत. मी आवळतो म्हणून तर एवढी वर्षं टिकलाय."

"आबा, पाणी जोरानं नाही थांबत. आतल्या रबरानं थांबतं. आमच्याकडं असंच झालं होतं."

"मग उघडूनच बघू की. दावतो तुला."

फाटकाजवळचा कॉक त्यांनी बंद केला आणि पाना घेऊन आले. मी विचारलं, "पाणी नक्की बंद झालं?"

"रस्त्यावरनं येणारंच बंद केलं. आता घरात कुठलं पाणी?"

नळाचा वरचा भाग निघाला आणि पाण्याची धार सरळ त्यांच्या छातीवर आली. चष्मा उडाला. आबांनी भोकावर तळहात दाबला, तर पाणी बोटांच्या फटींतून चारी बाजूंना. "टाकी! वरची टाकी!" आई ओरडली, आणि ओरडता ओरडता हसू लागली. मी गच्चीवर धावले. टाकीखालचा कॉक घर बांधल्यापासून कुणी फिरवलाच नसावा. दोन्ही हातांनी कसाबसा फिरवला.

खाली आले तेव्हा आबा निथळत ओट्याशी उभे होते. नळातलं काळं रबर त्यांच्या तळहातावर होतं. त्यावर गोल, खोल खाच पडली होती, जवळजवळ आरपार.

"ही आवळूनच पडली?"

"हो. खाच पडली की गळतं. गळतं म्हणून तुम्ही आणखी आवळता, मग ती आणखी खोल जाते."

त्यांनी ते रबर बराच वेळ उलटसुलट केलं. मग आईकडे वळले. "तुझं हात बघू."

आईनं हात पुढे केले. आबांनी ते हातात घेतले नाहीत, नुसते बघत राहिले. सुजलेले सांधे, एका बाजूला कललेली बोटं. रोज समोर असलेली गोष्ट ते पहिल्यांदा बघत होते असं मला वाटलं.

"मला हाक मारायची. मी दिला नसता का उघडून?"

"दिला असता की," आई म्हणाली. "पन घोटभर पाण्याला बी हाक मारायची? दर बारीला?"

आबा ओल्या अंगानंच दुकानात गेले. लांब दांड्याचे, नुसते ढकलले की उघडणारे नळ घेऊन आले. दुपारी प्लंबरनं ते बसवले. आईनं कोपरानं नळ उघडला, कोपरानंच बंद केला. आबा मात्र मागे जाऊन प्रत्येक दांडा जरा दाबून बघत होते. एवढ्याशा धक्क्यानं पाणी थांबतं यावर त्यांचा विश्वास बसेना, अजूनही बसलेला नाही.

चहाच्या वेळी त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "आनि काय काय उघडत न्हाई तुला?"

आई संकोचली. मग म्हणाली, "लोणच्याची बरणी. कपाटाचा खालचा कप्पा." थोडं थांबून, "मागच्या दाराचा अडसर."

"म्हंजे परसात तू..."

"दिवाळीपासनं गेले न्हाई."

ती आता परसात जात नाही, तिला कंटाळा येतो, असं आबांनीच मला फोनवर सांगितलं होतं. ते उठले, मागच्या दाराशी गेले आणि अडसर काढायला लागले. त्यांनाही जोर लावावा लागला. "आगं, तेल आन," त्यांनी मला आवाज दिला. आई चहा तसाच ठेवून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती.