मशीनची दुखणी

खानावळ चालवणाऱ्या बाईकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. पोरं दोन वर्षांसाठी येतात, अकरावी-बारावी करतात, जाताना माझ्या वाट्या-चमचे घेऊन जातात आणि किस्से ठेवून जातात. वाट्यांचं दुःख मी कधीच सोडलं. किस्से मात्र इतके झालेत, की घरी पाहुणे आले की सर, म्हणजे माझे यजमान, आधीच बजावतात, "हिला मशीनचं विचारू नका, चहा गार होईल."

तर मशीनचंच सांगते.

*

भूकंपानंतर काही वर्षांत लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. दोन खोल्या रिकाम्या दिसल्या की होस्टेल, आणि चूल दिसली की मेस! सर ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना मी जेवायला घातलं, आणि बघता बघता चाळीस ताटं झाली.

त्याच सुमारास पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर गाव सोडून मुलाकडे राहायला निघाले. तरुणपणी विलायतेहून परत येताना त्यांनी बोटीतून भांडी धुण्याची मशीन आणली होती. पण आमच्या नळाला पाणी येणार आठवड्यातून एकदा, तेही रुसल्यासारखं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी इतकी वर्षं तिच्यात तूरडाळ साठवली होती. जाताना मला म्हणाल्या, "तुमच्याकडे ताटं आहेत, तुम्हीच न्या."

हमालांनी धूड अंगणात टेकवलं. त्यातल्या म्हाताऱ्यानं घाम पुसत विचारलं, "वैनी, हे हाय काय?"

"भांडी घासायची मशीन."

त्यानं एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मंग आता तुमी काय करणार?"

सरांनी गच्चीवरच्या टाकीतून नळी जोडली. पहिल्या खेपेला सोळा ताटं आत गेली आणि सोळाच्या सोळा पिवळी होऊन बाहेर आली. कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेली डाळ गरम पाण्यात छान शिजली होती. सरांनी एका ताटाला बोट लावून चाटलं आणि म्हणाले, "मीठ कमी आहे."

*

मशीन चालवायची रुक्मिणमावशी. तिचं गाव भूकंपात गेलं. त्या पहाटे घराची दगडी भिंत तिच्या उजव्या हातावर आली आणि नवरा आतच राहिला. हात वाचला, पण त्याची मूठ काही पुन्हा वळली नाही.

माझ्याकडे आली तेव्हा मी तिला कधी भाजी निवडायला बसवायची, कधी पोरांवर लक्ष ठेव म्हणायची. चार-आठ दिवस तिनं ते सोसलं. मग म्हणाली, "वैनी, तुमी मला काम देत न्हाईत, दिल्यासारखं करताव."

खरंच होतं ते.

मशीनला मात्र मूठ लागत नव्हती. ताटं उभी करायची, दार लोटायचं, कोपरानं बटण दाबायचं. त्या दिवसापासून मावशी तिची मालकीण झाली. मी जरी दार उघडलं तरी विचारायची, "काय काम व्हतं?"

तिचा धाकटा भाऊ नामा पुनर्वसनाच्या गावात राहायचा. माणूस सोन्यासारखा. दर नागपंचमीला तिला न्यायला यायचा आणि म्हणायचा, "अक्का, दुसऱ्याची उष्टी काढायला भाऊ मेलाय का तुजा?" शेवटी एकदा तिनं त्याला माझ्यासमोर शब्द दिला. "मशीन चालती तवर मी हितं. ज्या दिशी ती बंद पडंल त्या दिशी तुज्या गाडीत बसते. फुकटचं खायाचंच झालं तर भावाचं खाईन."

तेव्हापासून मशीन जरा खोकली की मी हातातलं टाकून धावायची. ताटांचं काय, ती कुणीही घासली असती. मावशी गेली असती तर मला त्या घरात करमलं नसतं, हे मी सरळच सांगते.

*

आणि मशीनला दुखणं लागलं ते नेमकं पोटात. आतून तिला पांढरं कोटिंग होतं, लोणच्याच्या बरणीला असतं तसं गुळगुळीत. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं ते तळाशी पोपडे धरून सुटलं आणि खालचा पत्रा गंजला. ताटांवर तांबूस ठिपके उठायला लागले.

अहमदपूरचे एक पालक मुलाला मेसला लावायला आले होते. त्यांनी ताट उचलून उजेडात धरलं. "हे काय आहे?"

मी पदर सावरत होते, तेवढ्यात किनवटचा एक पोरगा, मेडिकलची तयारी करणारा, जेवता जेवता शांतपणे म्हणाला, "काका, आयर्न आहे. हिमोग्लोबिन वाढतं."

पालकांनी मान हलवली. आपल्या हडकुळ्या पोराकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ह्याला रोज ह्याच ताटात वाढत जा."

*

गंजगोलाईच्या बाजारपेठेमागे रशीदभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान. माणूस कामसू, पण तोंडात 'नाही' हा शब्दच नाही. "भाभी, टेन्शन नक्को," ते मशीनमध्ये डोकं घालून म्हणाले. "आपल्या दुकानातून गेलेला कूलर आजपर्यंत परत आला नाही."

"लोक दुसरीकडे नेत असतील," सर म्हणाले.

दर उन्हाळ्यात कूलरच्या टाकीला आतून डांबरी रंग मारतात, म्हणजे पत्रा गंजत नाही. रशीदभाईंनी तोच रंग मशीनला दोन हात मारला. आतून अशी काळीभोर चकाकली, की मावशीनं तिला काजळाचं बोट लावायचं बाकी ठेवलं.

संध्याकाळी ताटं लावली आणि पाणी तापलं. पाण्याबरोबर डांबरही तापलं! अंधारात लक्षात येईपर्यंत तिन्ही खेपा उरकल्या होत्या, आणि चाळीस माणसांची ताटं-वाट्या काळ्या कुळकुळीत. सगळा रविवार आम्ही रॉकेलनं भांडी पुसत होतो आणि पोरं पत्रावळीवर जेवत होती. त्यातही एकानं विचारलंच, "काकू, आज कुणाचं लग्न आहे?"

रशीदभाईंना बोलावणं धाडलं. त्यांनी आत बघितलं, ताटं बघितली, दाढी खाजवली आणि म्हणाले, "फॉर्म्युला कूलरचा होता, भाभी. तुमी पानी थंडं वापरून बघता का?"

*

खंडेनवमीला मावशीनं मशीनची पूजा केली. हळदी-कुंकू, झेंडूची माळ, आणि आत जाळीवर एक लिंबू. दुपारी एका पोरानं ताटं भरली आणि न बघता मशीन सुरू केली. लिंबू आतल्या आत फुटलं आणि ताटं अशी लखलखीत निघाली, की त्यावरचा एकही गंजाचा ठिपका शिल्लक नव्हता.

सर पोरांना समजावून सांगायला लागले, लिंबातलं आम्ल गंज कसा खातं वगैरे. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. "आसंल," ती म्हणाली. "पर मी नवस बोलले व्हते."

पोरांनी सरांचं सोडलं आणि मावशीचं धरलं. परीक्षा जवळ आली तशी सगळी पोरं मशीनला नमस्कार करून क्लासला जायला लागली. देवणीच्या एकानं तर पेपरच्या आदल्या दिवशी आपलं शाईचं पेन आशीर्वादासाठी जाळीवर ठेवलं आणि विसरला. पेन धुऊन स्वच्छ झालं, वाट्या निळ्या झाल्या. पेपर देऊन आल्यावर मावशीनं त्याला विचारलं, "कसा गेला रं?"

"तुमच्या मशीननं पेन केलं तसाच, मावशी. कोरा."

*

लिंबानं ताटं उजळली, पण पत्रा कुठला बरा होतोय? पुढच्या उन्हाळ्यात सरांनी तळाला स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो थेट आरपार गेला. सर माझ्याकडे बघायला लागले. मी मावशीकडे बघितलं नाही.

डांबराची बोच रशीदभाईंच्या मनात होतीच. नांदेडला त्यांचे मेहुणे दुधाच्या टाक्यांना आतून अस्तर मारायचं काम करायचे. त्यांच्याकडून ते आषाढात दोन डबे घेऊन आले. एकात रंग, दुसऱ्यात तो घट्ट करणारं औषध. दोन्ही मिसळलं की लगोलग कामाला लागायचं, नाहीतर डब्यातच दगड होतो.

आधी भोकाला पत्र्याचं ठिगळ लावलं. मग गंज घासायचा, खालचा पत्रा चमकेपर्यंत. पोरं आळीपाळीनं आत डोकं घालून पॉलिश पेपर मारायची. रंग लावायची वेळ आली, तर कोपऱ्यात कुणाचाच हात नीट पोचेना. मावशीनं चिंधी घेतली, ब्रश आपल्या न वळणाऱ्या बोटांना बांधून घेतला आणि आत वाकली. तिचा तो ताठ हात कोपऱ्यात बरोबर बसायचा. रंगाचे दोन्ही हात तिनंच मारले.

"आता आठवडाभर दार उघडं ठेवून वाळू द्या," रशीदभाई म्हणाले. "मग गरम पानी सोडा. फुगे नाही आले तर जिंकलो. आले तर..." त्यांनी बोलणं अर्धवट सोडलं. मी विचारलं, टिकेल ना? आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून ऐकलं, "सांगता येत नाही, भाभी."

आणि दुसऱ्या दिवशी नामा जीप घेऊन दारात. पंचमी तोंडावर आली होती.

त्यानं अंगणात आ वासून पडलेली मशीन पाहिली. "बंद हाय न्हवं, अक्का?"

"बंद न्हाई," मावशी म्हणाली. "वाळून राहिली."

"वाळल्यावर चालंल?"

"बघू की."

नामानं जीप परत धाडली, टॉवेल खुंटीला अडकवला आणि तिथंच मुक्काम ठोकला. रानात कामं पडली होती, पण बहिणीचा शब्द होता. मशीनसमोर खाट टाकून बसायचा. कुणी पोरगं जवळ गेलं की डाफरायचा, "हात लावू नगंस, वलं हाय." मावशी त्याला दोन वेळा वाढायची आणि दोघं बहीण-भाऊ त्या मशीनकडे बघत जेवायची.

आठवडा भरला. रशीदभाई आले, सर आले, पोरं भिंतीवर चढून बसली. मी ताटं आणून ठेवली. एका दिवसात एवढे देव मी कधी आठवले नसतील.

मावशी पुढे झाली. आत वाकून तिनं बोट टेकवलं. मग मागे सरकली आणि म्हणाली, "अजून वली हाय."

रशीदभाईंनी तोंड उघडलं. सरांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

नामा उठला. त्यानं आत अख्खा पंजा टेकवला, नखानं टकटक वाजवून बघितलं. पंजा बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला. त्याला काहीही लागलेलं नव्हतं. मग त्यानं अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. ती कुठंतरी दुसरीकडेच बघत होती.

त्यानं तो कोरडा हात टॉवेलला नीट पुसला.

"हाव," तो म्हणाला. "वलीच हाय."

पिशवी उचलून तो स्टँडकडे निघाला. फाटकातून वळून एवढंच म्हणाला, "वाळली की कळव, अक्का. मंग बघू."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दर पंचमीला नामाचा फोन येतो आणि पहिला प्रश्न तोच असतो, "अक्का, वाळली का गं?"

मागं मशीनची घरघर चालू असते, ताटं खडखडत असतात. नीट ऐकू येत नाही म्हणून मावशी एका कानात बोट घालते आणि मोठ्यानं सांगते, "न्हाई रं, वलीच हाय अजून."