‘बाय’च्या पुढची मोकळी जागा

त्या हिवाळ्यातल्या दुपारी आठवल्या की आधी ऊन आठवतं. धायरीतल्या आमच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीची सरकत जाणारी सावली, आणि तिच्याबरोबर सतरंजी ओढत सरकणाऱ्या आम्ही दोघी, मी आणि तळमजल्यावरच्या काकू.

काकू सकाळी जवळच्या शाळेत बालवाडीची मुलं सांभाळायच्या. दहावी झालात तर ग्रंथालयात मदतनीस म्हणून घेऊ, असं तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. काकूंना ती खोली फार आवडायची. “आत गेलं की गार वाटतं,” त्या म्हणायच्या, “आन् कुणी हाका मारत न्हाई.” म्हणून बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून परीक्षेला बसायचं ठरवलं. बाकीचे विषय त्या स्वतःच वाचत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून इंग्रजी माझ्याकडे आलं.

खरं तर मला शिकवता येत नव्हतं. वाक्य कानावर पडलं की बरोबर का चूक ते कळायचं, पण का ते सांगता यायचं नाही. काकूंचं उलटं. वाक्य कर्मणी करायचा गाइडमधला तक्ता त्यांना तोंडपाठ होता. “कर्म पुढं आणायचं, क्रियापदाचं तिसरं रूप, मग बाय, मग कर्ता.”

“कर्ता म्हणजे?” मी विचारलं.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कोण कुणाला शिकवतंय म्हणायचं?”

त्या लिहीत असताना मी गाइडमधली वाक्यं नुसती वाचत बसायचे. आंबा खाल्ला जातो. दार उघडलं जातं. पत्र लिहिलं जातं. वाचता वाचता तंद्री लागायची. एक मोठं, उजेडाचं घर दिसायचं, त्यात दारं हळूच उघडतायत, टेबलावर पत्रं भरत चाललीयेत, आणि माणसं सगळी मागच्या कुठल्यातरी खोलीत. त्या घरात मला राहायला आवडलं असतं. मध्येच काकू खालच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणायच्या, “बिल्डिंग व्हायच्या आधी हितं आमचा कांदा असायचा,” आणि पुन्हा वहीत डोकं घालायच्या.

जानेवारीत मी सराव पेपर काढला. दहातली चार वाक्यं चुकली, आणि चारही एकाच प्रकारे. ‘द मँगो इज ईटन बाय’, आणि पुढे काहीच नाही.

“काकू, कर्ता राहतोय.”

“हं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “पाठ आहे ना तुम्हाला? मग एवढा निष्काळजीपणा कशाला?” मी म्हणाले. एवढं कडक बोलण्याचा माझा स्वभाव नाही. लाल पेन हातात होतं म्हणून बोलले असेन. काकूंनी वही मिटली आणि त्या खाली गेल्या.

गाइड गच्चीवरच राहिलं होतं, ते द्यायला मी त्यांच्या दाराशी गेले. बेल वाजवायला हात वर केला आणि दारावरची पाटी दिसली. काकांचं नाव. साधं, घरोघरी असतं तसं. गाइडमध्ये आंबा खाणारा, दार उघडणारा, पत्र लिहिणारा बहुतेक वेळा याच नावाचा होता. गाइड पाटीखाली ठेवून मी बेल न वाजवता परत आले.

दुसऱ्या दिवशी काकू सतरंजीवर येऊन बसल्या. “मी दुसरी नावं घालून वाक्यं देऊ का?” मी विचारलं.

“आन् पेपरात त्येच आलं तर?”

“तर लिहायचं. तिथे कोण ओळखतंय तुम्हाला?”

“मी वळखते की.” त्या पेनाचं टोपण काढत, लावत राहिल्या. “पंचवीस वर्षं तोंडातनं न्हाई काढलं, हातातनं न्हाई. आता दोन मार्कांसाठी काढू व्हय?” मग थोड्या वेळाने, “तुमच्या इंग्रजीत ‘ह्यांनी’ न्हाई का?”

“आहे. बाय हिम.”

“बाय हिम,” त्यांनी हळूच म्हणून पाहिलं आणि चारही मोकळ्या जागा भरल्या. “चालंल ना?”

माझ्या शाळेत चाललं नसतं. पण कुणी थेट डोळ्यांत बघून विचारलं की बोलणं जिथे लवकर संपेल तेच उत्तर मी देते. “चालेल,” मी म्हणाले.

मार्चमध्ये पेपर झाला, तेव्हा मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. काकू घामेजलेल्या बाहेर आल्या.

“आलं होतं?”

“आलं. दोनदा.”

“मग?”

“बाय हिम. दोन्हीकडं.”

त्यानंतरचे दोन महिने तळमजल्यावरून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची.

निकालाच्या दिवशी काकू त्यांचा फोन घेऊन वर आमच्या दारात आल्या. नंबर मीच टाकला. पान उघडेपर्यंत मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. मराठी, गणित, सगळं ठीक होतं. इंग्रजी, छत्तीस. पस्तीसला पास.

“एक जास्तीचाच पडला,” काकू म्हणाल्या.

मी तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

“आता जेवण जाईल तुला,” त्या म्हणाल्या. “तू चालंल म्हणालीस, तवाच कळलं व्हतं मला, चालत नसणार.”

“मग लिहिलंत कशाला?”

“दुसरं काय लिवणार व्हते?” त्यांनी चष्मा वर सरकवला आणि फोन माझ्यापुढे धरला. “ते छत्तीस जरा मोठं करून दे. उद्या बाईंना दाखवायचंय.”