तळहातावरचा भंडारा

विमान उलटं झालं की मला हसू येतं. खरं तर भीती वाटायला हवी. पण डोक्यावर जमीन आणि पायाखाली आभाळ आलं की माझ्या पोटातून जे वर येतं ते हसूच असतं, आणि तेही साधं नाही, वर्गात मागच्या बाकावर तोंडात ओढणी कोंबून दाबावं लागतं तसलं. खाली, म्हणजे तेव्हा वर, भीमा लोंबकळत असते. उसाचे चौकोन, शेततळ्यांचा निळा कागद, दौंडहून नगरकडे गेलेली रेल्वेची रेघ, सगळं छताला चिकटवल्यासारखं. आता यात न हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

सरांना मात्र हसू येत नसे. हवाई दलातून निवृत्त होऊन ते आमच्या भागातल्या एका छोट्या धावपट्टीवर शिकवायला आले होते. मूळचे पुण्याचे, त्यामुळे रागावले तरी वाक्य पूर्ण आणि शुद्ध. माझं साधं उडवायचं लायसन्स हातात होतं, नोकरीची वाट बघणं चालू होतं, आणि तेवढ्यात मला हवाई कसरतींचा नाद लागला. त्या शिकवणारे तिथे सर एकटेच, आणि दसरा झाला की महिनाअखेरीला ते कायमचे घरी बसणार होते. त्याआधी त्यांनी ‘ही एकटीने कसरती करू शकते’ अशी सही दिली तर दिली, नाही तर माझा नाद संपला. एवढी साधी गोष्ट होती.

लोकांना वाटतं कसरतीला छाती लागते. छाती आमच्या निमोण्यात बांधाबांधाला मिळेल. कसरतीला लागतो हलका हात, आणि माझा हात ट्रॅक्टरवर तयार झालेला. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, “आपण विमान उडवतो आहोत. भुईमूग उपटत नाही आहोत.”

ते मला बॅरल रोल शिकवत होते. जत्रेतल्या मौत का कुआंमध्ये मोटारसायकल भिंतीला चिकटून फिरते आणि खाली पडत नाही, तसंच काहीसं. फक्त विहीर आडवी, हवेची, आणि ती आपणच मनात खोदायची. थोडं खाली सूर मारून वेग घ्यायचा, नाक वर उचलायचं, आणि मग विमान वळवायचा दांडा एका बाजूला नेत नेत अलगद ओढून धरायचा. विमान मोठ्या पिंपाच्या आतून फिरल्यासारखं फिरतं, मधे एकदा पूर्ण पालथं होतं आणि पुन्हा सरळ येतं. नीट जमलं तर पालथं असतानाही आपण सीटवर टेकलेलेच राहतो. पण नेमकं वरच्या टोकाला हात बिचकला आणि दांडा पुढे ढकलला गेला, की विमान अंगाखालून निसटतं आणि आपण वटवाघळासारखे पट्ट्यांना लटकतो. मी रोज लटकत होते.

“मी शेजारी डोळे मिटून बसणार,” सर म्हणाले. “विमान कधी उलटं झालं हे मला कळता कामा नये. ते ज्या दिवशी कळणार नाही, त्या दिवशी सही.”

मग मी दात-ओठ खाऊन सराव करू लागले. हसू आलं की गाल आतून चावायचे. विद्यार्थी गंभीर असावा, अशी माझी समजूत. सर डोळे मिटायचे, मी पालथं करायचे, आणि सर डोळे न उघडताच म्हणायचे, “कळलं.”

मांडवगणच्या बाजूला, वस्ती सोडून, भरपूर उंचीवर आमचा हा खेळ चालायचा. खाली त्याचा अर्थ वेगळाच लागत असे. माझे चुलते, ज्यांना अख्खी वस्ती आबा म्हणते, त्यांचा एकदा उतरल्या उतरल्या फोन आला. “आगं, तुमच्यातलं एक इमान गटांगळ्या खात व्हतं! आमी चौघं ट्रॅक्टरवर मागं पळालो नदीपातुर. तुला कायी कळलं का?” मी म्हटलं, आबा, ती मीच होते. त्यांनी ते बाकीच्या तिघांना ओरडून सांगितलं. मग म्हणाले, “मंग येवढं डिझेल गेलं की आमचं.”

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्या घरात चाकं किंवा पाय असलेल्या कुठल्याही गोष्टीला खंडोबाचा भंडारा लागल्याशिवाय ती जागची हलत नाही. ट्रॅक्टर, गाय, पाण्याची मोटर, माझी दहावीची कंपासपेटी, सगळ्यांना ते पिवळं बोट लागलेलं. खंडेनवमीला हत्यारांची आणि वाहनांची पूजा असते, तर पोरीचं विमान बिनपूजेचं राहतं की काय, म्हणून आई मळ्यातला झेंडू घेऊन सकाळीच धावपट्टीवर हजर. सरांनी नारळ लांब दगडावर फोडू दिला. पंख्याला बांधलेला हार मात्र त्यांनी उड्डाणाआधी स्वतःच्या हाताने सोडवला आणि आत-बाहेर शोधून पाकळी न् पाकळी वेचली. “कसरतीच्या विमानात सुटी वस्तू नको,” ते आईला समजावत होते. “एखादं पेन जरी दांड्याच्या बुडाशी अडकलं तरी संपलं.”

“व्हय व्हय,” आई म्हणाली. “बरोबर हाय तुमचं.”

आम्ही वर गेलो. सरांनी डोळे मिटले. मी गाल चावले, वेग घेतला, नाक उचललं, आणि अगदी वरच्या टोकाला हाताने नेहमीप्रमाणे दगा दिला. दांडा पुढे गेला, आम्ही दोघं पट्ट्यांना लटकलो, आणि सरांच्या सीटमागच्या फटीतून वर्तमानपत्राची एक पुडी तरंगत बाहेर आली. ती निवांत माझ्या नाकासमोरून गेली, छताला लागली आणि सुटली.

काचेच्या त्या चिमुकल्या डब्यात जेजुरी झाली. मला काहीच दिसेना, पिवळ्याशिवाय. “सोड,” सरांचा आवाज आला. मी दांडा सोडला, त्यांनी विमान सरळ केलं आणि हवेची झडप उघडली. धुरळा जरा खाली बसल्यावर मी शेजारी पाहिलं. सरांच्या भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. चेहरा पूर्वीसारखाच कडक, फक्त पिवळा. गाल चावण्याचा काही उपयोग झाला नाही. मी जी फुटले ती फुटलेच, डोळ्यांतून पाणी येईतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीतून आधी थोडा भंडारा सांडला, मग हसू. चाळीसेक वर्षं आत कोंडलं असावं असं गडगडून हसले. दांडा त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिला, आणि उतरेपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

चाकं टेकली आणि त्यांचं हसू थांबलं. “आज थोडक्यात वाचलो,” ते म्हणाले. “मीही फटीत हात घातला नव्हता, म्हणजे चूक माझीही. पण कसरती आता बंद. विमान उघडून साफ होईपर्यंत हलणार नाही.” महिना संपायला फार दिवस उरले नव्हते. मला रडू आलं आणि मी ते हँगरच्या मागे जाऊन व्यवस्थित रडले. आईचा इतका राग आला होता की घरी गेल्यावर मी तिच्याशी बोललेच नाही. जेवणाचं ताट नुसतं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फडकं आणि ब्रश घेऊन धावपट्टीवर पोहोचली होती, माझ्याही आधी. मेकॅनिकने सीटा काढून, तळाच्या पट्ट्या उघडून दिल्या आणि आई विमानात बसून ते घासू लागली. भंडारा देवाचा, पण फटीफटीत बसलेला आणि चिवट. सर जवळ आले आणि म्हणाले, “ताई, मला विचारायचं तरी.”

“इचारलं असतं तर ठेवू दिला असता का?”

“नाही.”

“मंग?” आईने ब्रश झटकला. “सर, पोरगी वर जाती तवा मी खाली बघत ऱ्हाते. चुलीकडं बघते, भाजीकडं बघते. वर बघायचं धाडसच व्हत न्हाई. म्हनलं, मी न्हाई तर न्हाई, देव तरी जाऊ दे तिच्याबरूबर. चूक झाली माझी. पन तिला शिकवा.”

सरांनी दुसरं फडकं उचललं. मी मात्र हँगरच्या दारात नुसती उभी होते. कालचा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

पुन्हा उडायची परवानगी मिळाली तेव्हा सरांचा शेवटचा आठवडा चालू होता. पहाट थंड होती आणि वारा अजिबात नव्हता. सरांनी सीटमागे, पायांखाली, सगळीकडे हात घालून पाहिलं. मग हँगरच्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे गेले आणि उजवा तळहात पुढे केला. “चिमूटभर द्या,” म्हणाले. आईला खरं वाटेना. तिने कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला आणि सरांच्या तळहातावर मधोमध ठेवला.

वर गेल्यावर त्यांनी झडप बंद केली, मूठ उघडली आणि तळहात आमच्या दोघांच्या मधे सपाट धरला. “हा इथेच राहिला पाहिजे,” ते म्हणाले. “आणि एक सांगू? त्या दिवशी धुरळ्यानंतर धावपट्टीकडे परत येताना तू वळणं घेत होतीस, ती मला कळलीच नाहीत. हसत होतीस. हसताना तुझा हात सैल सुटतो. गाल चावू नकोस.”

मी खाली सूर मारला. नाक उचललं. रेल्वेची रेघ तिरपी झाली, मग उभी, मग भीमा माझ्या डोक्यावर आली, आणि त्या पसरलेल्या हातावरचा पिवळा ढीग बघून मला हसू फुटलं. मी ते अडवलं नाही. हातात दांडा होता की नव्हता, आठवत नाही. आभाळ पुन्हा जागेवर आलं तेव्हा मी सरांकडे पाहिलं. भंडारा कणानेही हलला नव्हता, आणि सरांचे डोळे मिटलेले होते.

“करतेस ना?” ते म्हणाले.

“झाला, सर.”

उतरल्यावर ते बंद मूठ तशीच घेऊन चालत आईकडे गेले आणि तिच्यासमोर उघडली. आईने ती चिमूट उचलली, त्यांच्या कपाळाला लावली आणि उरलेली माझ्या. सरांनी खिशातलं पेन काढलं, सही केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आता एकटी जा. पट्टे नीट बांध, शेजारच्या सीटचेही.”

एकटीने उंची गाठेपर्यंत मला काही वाटलं नाही. पहिल्यांदा पालथी होत असताना शेजारी पाहिलं. रिकाम्या सीटवर पट्टे घट्ट बांधलेले होते, आणि हसू आलंच नाही. हात जड होतोय हे मला कळत होतं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. खाली जमिनीवरून सर बोलत होते.

“हसते आहेस ना?”

तेवढं पुरलं. पालथ्या विमानात मी मोठ्याने हसत सुटले आणि बटण दाबून ते त्यांना ऐकवलं. पलीकडून आधी त्यांचं गडगडणं ऐकू आलं, आणि मग, रेडिओवर बोलायची सक्त मनाई असलेल्या माझ्या आईचा आवाज.

“दिसतीय! दिसतीय मला! वरच बघतीय मी!”