मऊ बोटांची शेगडी

आभाला राग यायला वेळ लागत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सोमवारी ती अंबडच्या कारखान्यात शिरली, तेव्हा वॉचमनसुद्धा बाजूला सरकला.

रागाचं मूळ होतं एका काचेच्या शेगडीत. बटण नावालाही नाही. सपाट काचेवर बोट ठेवायचं. चालू झाली की बंद, देव जाणे. वाफेने चष्मा धुरकटला की बाईने काय अंदाजाने रांधायचं? म्हणून या कारखान्यात शेगड्या घडवणाऱ्या आभाने काचेखाली ठोका बसवला. शेगडी बंद झाली की काच बोटाला आतून टिचकी मारणार. टिचकी लागली नाही, तर शेगडी अजून चालू. या टिचकीपायी तिने दोन वर्षं सणवारसुद्धा धड केले नाहीत.

मग चाचणी झाली. कुठे? एसीच्या खोलीत. बोटं कोणाची? दिवसभर कीबोर्डवर फिरणारी. तिचे साहेब धवल सर म्हणाले, "दचकायला होतं. ठोका निम्मा करा." बाकीच्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. आभा एकटी भांडली, तरी ठोका निम्मा झालाच.

त्यातलीच एक शेगडी तिने घरी आणली. तिच्या सासूबाई सरोजिनीबाईंनी पंचवटीत विधीला येणाऱ्या यजमानांचा स्वयंपाक करण्यात जन्म घालवलेला. तव्यावरची पोळी त्या नुसत्या बोटांनी उलटतात. रविवारी शेवटची पोळी उतरवून त्यांनी ओलं बोट काचेवर ठेवलं आणि पानं वाढायला गेल्या. ओल्या बोटाने शेगडी बंद झालीच नाही, टिचकीही आली नाही. पण निम्मी टिचकी त्या बोटांना कधी लागलीच नव्हती, मग ती आली नाही हे त्यांना कळणार कसं? परत येऊन, तवा एव्हाना निवला असेल म्हणून त्यांनी तो हातांनी उचलला.

"माझंच चुकलं गं," पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या. "बोटंच मेलीत माझी."

आभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाला पोळ्या करून घालायच्या आणि वर बोटांबद्दल माफीही आपणच मागायची!

"ठोका पूर्ववत होईपर्यंत एकही शेगडी दाराबाहेर जाणार नाही," रविवारचं सगळं ऐकवून तिने धवल सरांना उभ्यानेच सांगितलं. माल त्याच आठवड्यात निघायचा होता.

"कोरड्या हाताने वापरा, असं माहितीपत्रकात छापू ना," ते समजुतीने म्हणाले. "आणि आभा, चटका बसला की माणूस हात मागे घेतोच."

"नाही घेतला," आभा म्हणाली. "तवा मोरीपर्यंत नेला त्यांनी. वास आला, तेव्हा कळलं."