कचरूआबांचा तळहात

शहागडला हायवेच्या कडेला कचरूआबांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि रस्त्याकडे तोंड करून उभं केलेलं एक म्हातारं टायर. त्यावर पांढऱ्या रंगात 'हवा' एवढंच लिहिलंय. एवढ्याशा जाहिरातीवर तीस वर्षं धंदा चालला, कारण खरी जाहिरात आबांच्या तळहातात होती. ट्रक येऊन थांबला, की तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा आबा एकेका टायरला हात लावत आणि ड्रायव्हर खाली उतरायच्या आत सांगत, "मागचं उजवं. हवा कमी हाय." ड्रायव्हर वाद घालत, हवेचं मीटर कधी घालत नसे.

त्यांची नात तृप्ती पाचवीत. चाचणीत प्रश्न आला, 'उष्णता कोठून मिळते?' तृप्तीने सूर्य लिहिला, चूल लिहिली आणि तिसरं, अगदी खात्रीने, लिहिलं, 'हवा कमी झालेल्या टायरातून.' बुद्धभूषण सरांनी तिसऱ्या उत्तरावर फुली मारली आणि गंमत म्हणून ते वर्गात वाचूनही दाखवलं. वर्ग पोट धरून हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'टायर' म्हणू लागली.

तृप्तीने पेपर आबांपुढे आपटला. "तुम्हीच सांगितलं व्हतं ना, आबा? मंग चुकलं कसं?"

आबा स्वतः चौथीत नापास झाले होते. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. पण पन्नास वर्षांनी नातीच्या पेपरात पुन्हा नापास व्हायचं म्हणजे फारच झालं. ते म्हणाले, "सरांला म्हनाव, वर्ग घेऊन या दुकानावर. पोरायला बी हात लावू द्या."

सर सरळ माणूस. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि बावीस पोरांची रांग खरोखरच दुकानावर आली. आबांनी लग्नाकार्यातला पांढरा सदरा घातला होता. त्या सदऱ्यात त्यांना स्वतःचाच पाहुणा झाल्यासारखं वाटत होतं. त्यांनी चहा मागवला. तो संपला, दुसरा मागवला. तेवढ्यात बीडकडून सिमेंट घेऊन येणारा राधेश्यामचा ट्रक येऊन थांबला.

"आबा, शाळा काढली का काय?" राधेश्यामने वरूनच विचारलं.

"गप उतर. तुझी परीक्षा हाय."

"माझी टायरं बिलकुल ओके हायत. रॉडने ठोकून, आवाज ऐकून आलोय."

आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि ते निघाले. पहिलं टायर, दुसरं, तिसरं. मागच्या जोडटायरांच्या आत हात घालून पाहिला. पूर्ण फेरी झाली. हाताला काहीच सांगता येईना.

"सगळी... बराबर हायत," आबा हळूच म्हणाले.

"मी बी तेच म्हणून राह्यलो!" राधेश्याम खूश.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर सभ्यपणे आभाळाकडे बघू लागले. तृप्ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती, आणि आबांना ते त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

हात पुसावा म्हणून त्यांनी उजवा तळवा वर केला, तर तो लालबुंद. दोन-दोन चहांचे ग्लास घट्ट धरून ठेवल्याचा परिणाम.

"थांबा, थांबा!" आबा ओरडले. "माझाच हात तापून बसलाय! तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कसा कळंल?"

डावा हात पुढे करून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरला बोटं टेकली आणि झटकन मागे आली. "हे! मीटर लावा, सर, तुमच्याच हातानं."

बाकीच्या टायरांत काटा शंभराच्या पुढे होता. यात साठावर अडला. राधेश्याम म्हणाला, "आयला!" आणि पोरांकडे बघून जीभ चावली. मग बावीस जणांनी रांगेने नुसती बोटं टेकवून त्या जोडीतली दोन्ही टायरं चाचपली.

तेवढ्यात वर्गातल्या फरहानाने हात वर केला. "पण आबा, आतल्या टायरावर ऊन न्हाई, आग न्हाई. मंग गरमी आली कुठून?"

आबांनी तारेच्या भेंडोळ्यातून वीतभर तुकडा तोडून तिला दिला. "वाकव. सरळ कर. परत वाकव. जल्दी जल्दी. हां, आता वाकवलं तिथं बोट लाव."

"आई गं! चटका बसला!"

"कुणी दिला? तूच. तुझ्या हाताचा जोर तारेत गेला अन् तिथं गरमी झाला. हवा कमी असली की टायर बी असंच. दर फेऱ्याला दबतं, उठतं, दबतं, उठतं. बीडपसून हितपोत किती हजार येळा वाकलं आसंल! इंजिनचा जोर त्यात मुरतो अन् ताप होऊन निघतो."

सर वहीत लिहून घेत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "तृप्ती, पेपर आणलास?"

तो दप्तरात सगळ्यात वर होता. सरांनी फुली खोडली, बरोबरची खूण केली, शेजारी सही केली. तृप्तीने सही नीट वाळेपर्यंत पेपर हवेत धरला. मागच्या रांगेतून कुणीतरी तिला हाक मारली, चक्क तृप्ती म्हणून.

मग प्रत्येकाला तार हवी झाली. दुकानासमोर बावीस पोरं तारा वाकवायला बसली, सरही बसले.

"आबा, माझ्या टायरचं काय?" राधेश्यामने विचारलं.

"बस जरा," आबा तार तोडता तोडता म्हणाले. "अजून चार पोरायचं राह्यलंय."

राधेश्याम बसला, आणि त्याने तारेसाठी हात पुढे केला.