कोण बोलतंय म्हणून सांगू?

हेमलता शिर्के सतरंजीवर आडवी झाली आहे ती झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला. मोबाइल छातीवर, डोळे पंख्यावर. झोपायचं नाही असं तिने स्वतःला बजावून ठेवलं आहे, आणि झोप तर नेमकी अशाच माणसाच्या मागावर असते. पंख्याची घरघर कानात शिरते, पापण्या जड होतात, ती दचकून उघडते, त्या पुन्हा जड होतात. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो. त्याचं ओरडणं लांबत जातं आणि संपतच नाही.

पाचच्या आत तिला एक फोन करायचा आहे. साताऱ्यात नवा दवाखाना उघडतो आहे, मोठा, लिफ्टबिफ्टवाला, आणि त्याच्या चौकशीच्या टेबलावर बसायला बाई हवी आहे. हेमलताची मुलाखत झाली. तिथल्या मॅडम गोड बोलल्या, पण शेवटी म्हणाल्या, "पूर्वीच्या कामावरच्या कोणी वरिष्ठांनी फोन करून तुमच्याबद्दल दोन शब्द सांगितले तर बरं होईल. उद्या पाचपर्यंत. परवा आम्ही नाव पक्कं करतो." तो उद्या म्हणजे आज. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? पंपांच्या कारखान्यात बाईने टेलिफोन ऑपरेटर म्हणून वीसेक वर्षं काढली, अख्खा कारखाना तिच्या कानातून गेला. तिला एक माणूस मिळू नये?

माणूस आहे. साळुंखे साहेब. तेव्हा खरेदी विभागाचे मुख्य होते, आता स्वतःचा कारखाना आहे. त्यांचा मोबाइल नंबर तिला तोंडपाठ आहे, कारण तो लावून देण्यातच तिचे दिवस गेले. सकाळपासून कितीतरी वेळा तिने तो दाबला आणि घंटी वाजायच्या आत कापला. इकडे जीव टांगणीला लागलेला आहे. कारखान्याच्या फोनवर माणसाऐवजी यंत्राचा आवाज आला, ऑपरेटरची खोली बंद झाली, आणि घर रुजुताच्या पगारावर येऊन पडलं. रुजुता म्हणजे तिची लेक. एमएस्सी अर्धवट टाकून कापडाच्या दुकानात बिलं करते. आईला नोकरी लागली तर जूनमध्ये ती पुन्हा कॉलेजात जाईल. नाही लागली तर नाही जाणार, आणि तसं ती कधी बोलूनही दाखवणार नाही.

सकाळी निघताना मात्र ती चिडली होती. मुलाखतीत अनुभव विचारला तेव्हा आईने "फोन जोडून द्यायचे" एवढंच उत्तर दिलं, हे तिला काल रात्री कळलं होतं.

"फोन जोडून द्यायचे म्हणजे काय गं आई? रागावलेल्या माणसाला थंड करायचीस. नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचीस. कुणाचं काम कुणाकडे होईल हे तुला साहेबांच्या आधी कळायचं. दवाखान्यात त्या टेबलावर दुसरं काय करायचं असतं? तेच ना? सांगायचं तसं! आणि एवढ्या तुझ्या ओळखी, त्या काय लोणचं घालायला ठेवल्यास?"

"ओळखी आहेत गं," हेमलता म्हणाली होती, आणि पुढचं गिळून टाकलं होतं.

भंगारवाला अजून ओरडतोच आहे. आता तो "हॅलो, हॅलो" असं ओरडतो आहे. हेमलता त्याला लाइन देण्यासाठी उठते, तर पायाखाली कारखान्याचा लांब पॅसेज लागतो. फरशी मात्र तिच्या स्वयंपाकघरातली आहे, कोपऱ्यात गॅसची शेगडी मंद जळते आहे. ती शेगडी बंद करून पुढे जाते. काचेच्या खोलीत कुंदाताई बसल्या आहेत.

कुंदा क्षीरसागर. हेमलताला हे काम शिकवलं ते यांनी. मागच्या चैत्रात गेल्या. हे हेमलताला स्वप्नातही नीट आठवतं आहे, पण ते बोलून दाखवणं तिला बरं वाटत नाही. मेलेल्या माणसाला तू मेलीस असं कोण सांगणार?

"किती गं उशीर, हेमे," कुंदाताई मागे न बघता म्हणतात. "बस. गर्दी आहे."

समोर बटणांचं यंत्र नाही. भिंतीएवढा जुना बोर्ड आहे, भोकांच्या रांगाच रांगा आणि पितळी टोकाच्या दोऱ्या. कुंदाताईंच्या तरुणपणी असा बोर्ड होता म्हणे. हेमलता लागली त्याच्या आधीच तो मोडीत निघाला होता, तिने तो कधी पाहिलेला नाही. कुंदाताई एक दोरी उपसतात, दुसऱ्या भोकात खुपसतात, आणि लगेच कानावरून हेडफोन दूर करतात.

"जोडलं की बाजूला व्हायचं," हेमलता म्हणते. हे त्यांनीच शिकवलेलं.

"आणि नाव विचारलं तर?"

"ऑपरेटर म्हणायचं."

"शहाणी आहेस," कुंदाताई म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात शाबासकी अजिबात नाही.

या नियमाची एक गोष्ट आहे. फार पूर्वी कुणा व्यापाऱ्याने एका ऑपरेटर मुलीचं नाव काढून घेतलं, रोज नावाने फोन करू लागला, एक दिवस गेटवरच येऊन उभा राहिला. साहेबांनी व्यापाऱ्याला काही म्हटलं नाही. मुलींना सांगितलं, आजपासून फोनवर नाव घ्यायचं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. व्यापारी गेला, साहेब गेले, नियम राहिला. हेमलताने तो इतका पाळला की बाहेर कुणी नाव विचारलं तरी क्षणभर तिची जीभ अडते.

"कुंदाताई, मला साळुंखे साहेबांना फोन करायचाय."

"मग कर की."

"काय सांगू? ते मला आवाजानं ओळखतील, पण..."

"साहेबलोक गाडीतून थेट वर जायचे. खाली काचेच्या खोलीत कोण बसतं हे कुणी वाकून पाहिलं का कधी?" कुंदाताई दोऱ्या ओढत राहतात. "तुला त्याची सगळी माहिती. त्याच्या बायकोचं ऑपरेशन कधी झालं, पोरगं कुठल्या परीक्षेला बसलं, सगळी. त्याला तुझं काय ठाऊक आहे? ओळख दोन्हीकडून लागते, हेमे. एकाच बाजूने असली तर ती नुसती माहिती."

हेमलताला राग येतो. मेल्यावर तरी माणसाने गोड बोलावं. ती काहीतरी उत्तर देणार असते, तर खोलीला वास येतो फिनेलचा. कुंदाताई खाटेवर आहेत. बोर्ड खाटेला टेकून उभा आहे, दोऱ्या पांघरुणावर पसरल्या आहेत. शेजारच्या खाटेवर कुणी नाही, त्यापलीकडच्या खाटेवरही कुणी नाही, वॉर्ड लांबच्या लांब रिकामा आहे. पुण्याच्या दवाखान्यात त्या शेवटी अशाच होत्या का? हेमलता भेटायला जाणार होती. बस, रुजुताची परीक्षा, पुढचा आठवडा असं म्हणता म्हणता राहिलं.

"कोण कोण येऊन गेलं?" ती विचारते.

"भाचा आला एकदा. डबा ठेवून गेला." कुंदाताई पांघरूण सारखं करतात. "फडणीस आठवतात का गं?"

का नाही आठवणार? पुण्याच्या ऑफिसातले फडणीस. रोज सकाळी पहिला फोन त्यांचा. कुंदाताई ड्यूटीवर असल्या तर लाइन जोडायच्या आधी म्हणायचे, "काय ऑपरेटरबाई, आज अजिंक्यताऱ्यावर धुकं आहे का?" मग कुंदाताई खिडकीतून किल्ल्याकडे बघून सांगायच्या. वर्षानुवर्षं तेवढंच, त्याहून एक शब्द जास्त नाही. पण ज्या दिवशी फडणिसांचा फोन येत नसे त्या दिवशी कुंदाताईंचा चहा तसाच निवून जायचा.

"दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहतात ते," कुंदाताई म्हणतात. "खिडकीतून त्यांच्या बिल्डिंगचं नाव दिसायचं. नंबर पाठ. फोन उशाशी."

"मग केला का नाहीत?"

"काय सांगणार होते? ऑपरेटर बोलतेय? कुठली ऑपरेटर? ती खोली तर बंद झाली." त्या पांघरुणावरची एक दोरी बाजूला करतात. "धाक साहेबाचा होता गं. मीच त्याचं व्रत करून बसले. उतू नये, मातू नये, नाव सांगू नये."

मग त्या हात पुढे करतात. "मला एक लाइन दे. आता तू दे."

हेमलता दोरी उचलते. पितळी टोक गार आणि जड आहे. ती बोर्डासमोर बसलेली आहे आणि बोर्ड आता एसटी स्टँडवर आहे, चौकशीच्या खिडकीच्या जागी. फलाटांवर एक गाडी नाही, एक माणूस नाही, वरचे सगळे पंखे मात्र फिरत आहेत. कुंदाताई खिडकीपलीकडे उभ्या आहेत, प्रवाशासारख्या, पिशवी हातात धरून. हेमलता टोक भोकात घालते. घंटी वाजते. लांब कुठेतरी फोन उचलला जातो.

"हॅलो," फडणिसांचाच आवाज, म्हातारा झालेला.

"साहेब, तुमच्यासाठी फोन आहे."

"कोण बोलतंय?"

हेमलता खिडकीतून बघते. "कोण बोलतंय म्हणून सांगू?"

कुंदाताई तोंड उघडतात. ओठ हलतात, मिटतात, पुन्हा हलतात. "ऑपरेटर," त्या म्हणतात.

"नाव सांगा ना, ताई."

त्या आठवण्याचा प्रयत्न करतात. खरंच करतात. कपाळावर आठ्या पडतात, हातातली पिशवी घट्ट होते. त्यांना ते आठवत नाही. हेमलताला रडू फुटतं, आणि जो नियम तिने जन्मभर मोडला नाही तो ती मोडते. "कुंदा क्षीरसागर बोलतायत, साहेब! साताऱ्याच्या कुंदा क्षीरसागर!"

मग फडणीस सौजन्याने म्हणतात, "माफ करा हं. या नावाचं कुणी माझ्या ओळखीचं नाही." आणि फोन ठेवतात.

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी!" हेमलता ओरडते. "मी परत लावते. आवाज ओळखतील ते!"

"मेलेल्या माणसाला आवाज कुठला आणलास?" कुंदाताई म्हणतात. कडवटपणे नाही, बसचा टाइम सांगावा तशा. "आवाज होता तोवर करायचा होता फोन. ऐकून घेतलं असतं त्यांनी. आधी नाही म्हणाले असते, मग धुकं आठवलं असतं. दोन मिनिटं लागली असती, फार तर."

त्या आता काउंटरच्या आतल्या बाजूला आहेत आणि हेमलता बाहेर उभी आहे. कुंदाताईंनी हेडफोन चढवला आहे. बोर्डावर एकच दिवा लागला आहे.

"तुझा कॉल आहे," त्या म्हणतात. "साळुंखे लाइनवर आहेत. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

"ऑपरेटर," हेमलता म्हणते. तोंडातून आपोआप निघतं ते.

"ऑपरेटर मी आहे. तू कोण?"

फलाटावरचे पंखे एकेक करून बंद होऊ लागतात, आणि एकेक पंखा बंद झाला की तेवढा फलाट दिसेनासा होतो. कुंदाताई खिडकीतून हात काढतात आणि दोरीचं पितळी टोक तिच्या बोटांत देतात, बोटं वरून दाबून धरतात. त्यांचा हात गार नाही. जिवंतपणी चहाचा कप धरल्यावर असायचा तसाच कोमट आहे.

"मी जोडून देणार नाही," त्या म्हणतात. "तूच घाल."

"हेमलता," ती म्हणते. "हेमलता शिर्के. हेमलता शिर्के बोलतेय!"

तिच्याच ओरडण्याने ती जागी होते. खोलीत ऊन तिरपं झालं आहे, मोबाइल सतरंजीवर घसरला आहे, गाल ओले आहेत. पाच वाजायला अजून थोडा वेळ आहे. उठून बसताना ती डोळे पुसायला हात वर करते आणि तिला बोटांना धातूचा वास येतो. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींच्या टोकांना काळपट हिरवा डाग पडला आहे, घासायला काढलेल्या पितळेचा असतो तसा. घरात पितळेचं एक भांडं नाही. ती नळाखाली बोटं धरते, साबण लावते. डाग फिका होतो, जात नाही.

ती तिथेच, मोरीजवळ उभ्याने नंबर दाबते. घंटी वाजते. तिला कापावंसं वाटतं. घंटी वाजत राहते.

"हॅलो, कोण?"

"नमस्कार साहेब. मी हेमलता शिर्के बोलतेय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग तोच घाईचा, खरखरीत आवाज, जो ती झोपेतही ओळखेल. "कोण हेमलता? काही लक्षात येत नाही हो."

डाग पडलेला अंगठा सवयीने लाल बटणाकडे जातो. ती तो मागे घेते आणि मुठीत धरते.

"येईल साहेब," ती म्हणते. "सांगते. फक्त दोन मिनिटं फोन ठेवू नका."